सोळा घरांचा ठेका

लग्नसराईत शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या एखाद्या गावात हळदीच्या रात्री मांडवापाशी जरा वेळ थांबलं, तर वाजवणाऱ्यांचा ताफा साधारण ठरलेला दिसतो. एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड, ढोलकी, कुठे बेंजो, गाणारे दोघं-तिघं आणि माणसाच्या उंचीचे स्पीकर. कीबोर्डवाल्याचा डावा हात नुसती कॉर्ड धरून असतो. बास, टाळ, खंजिरी, मागची भरण हे सगळं यंत्र वाजवतं. पॅडवाला दोन काठ्यांनी आठ चौकोनांतून ढोलकीपासून तोफेपर्यंत काहीही काढतो. गाणं बदललं की दोघंही एकेक बटण दाबतात आणि ठेका बदलतो.

त्या बटणामागे कुणीतरी बसून केलेलं काम असतं. ठेका कुठल्या घरात पडायचा, बास कुठे सरकवायचा, ढोलकीचा घुमारा किती लांबवायचा हे आधी कुणीतरी यंत्रात भरून ठेवलेलं असतं. हे भरण्याचं काम म्हणजेच प्रोग्रॅमिंग. सिंथेसायझर हे आवाज मुळापासून घडवण्याचं वाद्य आणि स्टेप सिक्वेन्सर ही सुरावट किंवा ठेका घराघरांत भरून फिरता ठेवण्याची सोय. दोन्ही एकाच पेटीत मिळायला आता बरीच वर्षं झाली. प्रश्न आहे तो शिकण्याचा. मुंबईपासून शंभरेक किलोमीटरच्या आत असूनही संगीतशाळेच्या दृष्टीने फार लांब असलेल्या या दोन तालुक्यांत हे शिकायला काय लागतं, काय आधीच हाताशी आहे आणि गाडी अडते कुठे?

उत्तर थोडं उफराटं आहे. कंपन्यांची मॅन्युअल आणि परदेशी शिकवण्या आवाज घडवण्यापासून सुरू होतात आणि सिक्वेन्सरवर संपतात. इथल्या वाजवणाऱ्याला सिक्वेन्सर जवळजवळ येत असतो; त्याला येत नसतो तो आवाज. म्हणून ठेक्यापासून सुरुवात करून फिल्टरकडे जाणारी वाट इथे जवळची ठरते.

जपानच्या रोलँड कंपनीने १९८० साली टीआर-८०८ नावाचं तालयंत्र बाजारात आणलं. त्याच्या खालच्या कडेला सोळा बटणं एका ओळीत आहेत: पहिली चार लाल, पुढची चार नारिंगी, मग चार पिवळी आणि शेवटची चार पांढरी. ज्याने भजनी मंडळात चार वर्षं काढली आहेत त्याला यात समजावून सांगण्यासारखं काही उरत नाही. चार-चार मात्रांचे चार विभाग म्हणजे तीनतालाचा तक्ताच. बटण दाबलं की त्या घरात आवाज पडतो, पुन्हा दाबलं की निघतो, आणि सोळावं घर संपलं की चक्र पुन्हा समेवर येतं.

आठ मात्रांचा भजनी ठेका किंवा केहरवा सोळा घरांत मात्रेला दोन घरं घेऊन नीट बसतो. सहा मात्रांच्या दादऱ्याला बारा घरं लागतात. उरलेली चार बंद करावी लागतात. रूपकाची चौदा. झपतालाशी मात्र झगडा होतो. दहा मात्रांना दोन-दोन घरं म्हणजे वीस झाली, ती एका ओळीत मावत नाहीत. मात्रेला एकच घर दिलं तर ताल बसतो, पण मधली अक्षरं भरायला जागा उरत नाही. मग दोन पॅटर्न एकापुढे एक जोडावे लागतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या सुरुवातीच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलाला ताल दुगुनीत लिहायला सांगतात. सिक्वेन्सरवर घराची किंमत अर्धी करणं म्हणजे नेमकं तेच. कागदावर दुगुन लिहिता येणारं मूल या यंत्राचं अर्धं काम शिकूनच आलेलं असतं, आणि हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

भारतात ही यंत्रं नवीन नाहीत. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग कंपनीचा मॉड्युलर सिंथेसायझर बसवला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा अशांनी त्यावर काम केलं. १९७२ नंतर ते थांबलं, टेपा कपाटात राहिल्या आणि २०२३ मध्ये कुठे त्या ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने बाहेर आल्या. मुंबईत केर्सी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकात मूग हिंदी चित्रपटसंगीतात आणला. पण मूग परवडणारे, सांभाळणारे आणि समजणारे वादक तेव्हा बोटांवर मोजण्याइतके होते, आणि ते बहुतेक ताडदेव-महालक्ष्मीच्या स्टुडिओंतच होते.

या विषयातलं सगळ्यात रसाळ प्रकरण चरणजीत सिंग यांचं. मुंबईचे हे स्टील गिटारवादक चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवत. सिंगापूरहून त्यांनी रोलँडची तीन यंत्रं आणली: तालासाठी टीआर-८०८, बाससाठी टीबी-३०३ आणि सुरावटीसाठी ज्युपिटर-८. १९८२ साली एचएमव्हीने त्यांची ध्वनिमुद्रिका काढली. डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग: भैरव, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. ती खपली नाही आणि विसरली गेली. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या फ्यूचर या मंडळींनी त्याच टीबी-३०३च्या बटणांशी खेळून केलेला तुकडा गाजला आणि त्यातून अॅसिड हाउस नावाचा नाच-संगीताचा प्रकार जन्मला. २०१० मध्ये चरणजीत सिंग यांची तबकडी युरोपात पुन्हा निघाली तेव्हा ऐकणाऱ्यांना वाटलं, कुणीतरी जुनी तारीख टाकून चेष्टा केली आहे. वयाच्या सत्तरीत त्यांना परदेशातल्या महोत्सवांची आमंत्रणं आली. २०१५ साली मुंबईत त्यांचं निधन झालं.

या गोष्टीचा शेवट नेहमी ‘भारतीयाने आधी शोध लावला’ असा केला जातो. तो बाजूला ठेवावा. शिकणाऱ्याच्या कामाचा भाग वेगळाच आहे: टीबी-३०३ हे अतिशय किचकट यंत्र आणि ते चालवायला लागणारी विचाराची पद्धत एका राग जाणणाऱ्याला कशी सोयीची पडली असेल, हे पाहण्यासारखं आहे.

टीबी-३०३मध्ये सूर आणि लय वेगवेगळ्या भरायच्या असतात. आधी पिच मोडमध्ये जायचं आणि नुसते सूर एकामागून एक दाबायचे: सा, सा, ग, म, ध. वेळ किती, विसावा कुठे याचा इथे संबंध नाही. ते झालं की टाइम मोड. आता सोळा घरांपैकी प्रत्येकाला तीनपैकी एकच गोष्ट सांगायची: इथे नवा सूर, इथे आधीचा सूर धरून ठेवायचा, इथे गप्प. यंत्र पहिल्या यादीतले सूर दुसऱ्या यादीतल्या जागांवर वाटत जातं. तिसऱ्या फेरीत प्रत्येक सुराला दोन गुण देता येतात: अॅक्सेंट म्हणजे आघात आणि स्लाइड म्हणजे पुढच्या सुरावर सरकत जाणं. शिकागोच्या पोरांना ही पद्धत डोकेदुखी वाटली आणि त्यांनी अंदाजाने बटणं दाबून जे निघालं ते उचललं. पण भातखंडे पद्धतीने बंदिश लिहिणारा माणूस सूर वर मांडतो, ताल खाली मांडतो आणि आडवी रेघ ओढून आधीचा सूर ताणतो. त्याला हे यंत्र ओळखीचं वाटावं. स्लाइडला मींड म्हणणं मात्र अतिशयोक्ती होईल. ते सरकणं डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपतं आणि त्याचा वेग बदलता येत नाही. मींडीची चव लागते, मींड मिळत नाही.

मूळ ३०३ आता संग्राहकांच्या भावात जातं. साधारण दहा हजारच बनली आणि १९८४ मध्ये उत्पादन बंद झालं. शिकण्यासाठी त्याची गरजही नाही. बेहरिंगर कंपनीने २०१९ मध्ये टीडी-३ नावाची स्वस्त प्रतिकृती काढली. रोलँडचीच टीबी-०३ आणि टी-८ ही छोटी रूपं आहेत.

आता वळायचं ते इथल्या हळदीच्या मांडवातल्या कीबोर्डकडे. तिथे असतात ते बहुधा अरेंजर कीबोर्ड. यामाहाची पीएसआर-आय मालिका भारतीय ठेके आणि आवाज घालूनच विकली जाते. रोलँडच्या एक्सपीएस-१०मध्येही भारतीय वाद्यांचे आवाज आहेत आणि पेन ड्राइव्हवरून स्वतःचे नमुने भरण्याची सोय आहे. ज्यांची कमाई जास्त त्यांच्याकडे कोर्गची पीए मालिका. कोर्गमध्ये स्वतःची स्टाइल तयार करायची तर आठ ट्रॅक भरावे लागतात: ड्रम, पर्कशन, बास आणि साथीचे पाच. शिवाय इंट्रो, चार-चार व्हेरिएशन, फिल, एंडिंग हे सगळं वेगळं. एक बरी कोळीगीताची स्टाइल बसवायला चांगला वादक काही रात्री घालवतो. त्यात घरं मोजणं आहे, बासचा सूर कॉर्डप्रमाणे हलेल अशी तजवीज आहे, ढोलकीच्या उठावाची जागा राखणं आहे. मुंबईतल्या स्टुडिओत हेच करणाऱ्याचं नाव श्रेयनामावलीत ‘प्रोग्रॅमिंग’ म्हणून छापून येतं; टोकावड्याच्या मांडवात त्याला ‘कॅसिओवाला’ म्हणतात, कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असला तरी.

या तयार स्टाइलींचा एक बाजारही आहे. बारकाईने काम करणारे वादक आपल्या फाइली विकतात, पॅडवाले आपली किट विकतात. पैसे मोबाइलवरून जातात, फाइल मोबाइलवर येते. नोटबंदीनंतर २०१६च्या डिसेंबरात मुरबाड तालुक्यातलं धसई हे राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून वर्तमानपत्रांत झळकलं होतं. ते कौतुक पुढे किती टिकलं हा वेगळा विषय, पण ठेक्याच्या फाइलींचा व्यवहार तरी खरोखर रोकडरहित झाला. या बाजाराने एक सोय केली आणि एक नुकसानही. विकत मिळतंय म्हटल्यावर स्वतः बसवण्याची खटपट कमी लोक करतात. सगळ्या मांडवांत त्याच चार ढोलक्या ऐकू येतात.

ऑक्टोपॅडचीही हीच कथा. रोलँडने पहिला पॅड-८ आणला १९८५ मध्ये. १९९८ मध्ये आलेला एसपीडी-२० भारतातल्या वाद्यवृंदांत इतका रुजला की जगात इतरत्र नवी मॉडेलं येऊन गेली तरी इथे त्याची मागणी टिकून राहिली. २०१०च्या एसपीडी-३०मध्ये वाजवलेला तुकडा त्याच क्षणी मुद्रित करून फिरता ठेवायची सोय आली. स्टेप सिक्वेन्सरचीच ही बहीण, फक्त घरं दिसत नाहीत. ज्याला पॅडवर आवाजाची उंची, त्याचं मरण किती वेळात, त्यावर कुठला इफेक्ट हे बदलता येतं, त्याला सिंथेसायझरच्या तीन मुख्य गोष्टींपैकी दीड आधीच माहीत असते.

उरलेल्या दीडाबद्दल बोलायला हवं, कारण खरी अडचण तिथे आहे.

साध्या अॅनालॉग सिंथेसायझरमध्ये आवाजाचा प्रवास असा: ऑसिलेटर कच्चा आवाज काढतो, त्याचा आकार करवतीच्या दातांसारखा, चौकोनी किंवा त्रिकोणी, फिल्टर त्यातली वरची किणकीण छाटतो, एन्व्हलप ठरवतो की आवाज किती वेगाने उठेल आणि किती वेगाने मरेल. अरेंजर कीबोर्डवर वाढलेल्या वादकाला यातलं काहीच करावं लागलेलं नसतं. तिथे शेकडो आवाज तयार असतात, क्रमांक दाबला की बासरी, क्रमांक दाबला की सनई. यामाहाचा डीएक्स-७ हा १९८३चा गाजलेला कीबोर्ड एफएम पद्धतीने आवाज घडवत होता. त्याचं प्रोग्रॅमिंग इतकं अवघड होतं की जगभरच्या बहुसंख्य वादकांनी कारखान्यातून आलेले आवाजच वापरले. तयार आवाजांची सवय हा काही शहापूरचा दोष नव्हे.

ही सवय मोडायला एक धडा उपयोगी पडतो, तोही इथल्याच वाद्याचा. ढोलकीचा घुमारा सिंथेसायझरवर बसवायचा. परदेशी शिकवण्यांत ड्रमचा आवाज घडवताना सूर वरून खाली पडतो असं सांगतात. ८०८चा बास ड्रम म्हणजे खाली विरत जाणारा जाड सूरच. ढोलकीच्या घुमाऱ्याचं उलट आहे. हात दाबत नेला की सूर खालून वर चढतो. म्हणून कोर्गच्या मोनोलॉगसारख्या यंत्रावर त्रिकोणी लाट घ्यायची, फिल्टर बराच बंद करायचा, एन्व्हलप सुराकडे वळवायचा आणि त्याची मात्रा शून्याच्या डावीकडे, उणे बाजूला न्यायची. आता कळ दाबली की सूर खालून निघून आपल्या जागी येतो. डिके, म्हणजे विरण्याचा वेळ, जरा वाढवला तर घुमारा रेंगाळतो, कमी केला तर नुसता ‘घे’ ऐकू येतो. या एका धड्यात लाट, फिल्टर, एन्व्हलप आणि उणे-अधिक मात्रा ही चारही बटणं हाताखालून जातात, आणि बरोबर आलं की चूक हे ठरवायला शिक्षक लागत नाही. कान आधीच तयार असतो.

यानंतरचा धडा तारप्याचा घ्यावा. ठाणे-पालघरच्या वारली पाड्यांवरचं हे वाद्य सुकवलेल्या भोपळ्याचं, बांबूच्या नळ्या आणि पुढे पानांचा कर्णा असलेलं. त्यात एक सूर अखंड धरलेला असतो आणि दुसऱ्या नळीवर सुरावट फिरते. दोन ऑसिलेटर, एक स्थिर, एक सिक्वेन्सरने हलवलेला, इथपर्यंत सोपं. मग लक्षात येतं की तारप्याचे सूर कीबोर्डच्या बारा पट्ट्यांत बसत नाहीत. २०१७च्या मोनोलॉगमध्ये प्रत्येक सुराची उंची स्वतः ठरवून सप्तक साठवता येतं; स्वस्त यंत्रांत ही सोय सहसा नसते. कीबोर्डवर वाढलेल्या पिढीचा कान त्या बारा पट्ट्यांना सरावला आहे हे खरं, पण हार्मोनियमबद्दलही हेच बोललं गेलं होतं. आकाशवाणीने १९४० ते १९७१ ती हद्दपार केली. त्या काळात गावोगावच्या भजनी मंडळांनी ती एक दिवसही खाली ठेवली नाही.

बाहेरून आलेलं वाद्य आपलंसं करण्यात हा पट्टा तसा मागे नाही. ज्याला इथे बेंजो म्हणतात तो मुळात जपानी ताइशोगोतो, १९१२ मध्ये नागोया शहरात तयार झालेला, टाइपरायटरच्या कळा लावलेला तंतुवाद्याचा प्रकार. त्याला पिकअप लागला, अॅम्प्लिफायर लागला आणि तो गणपतीच्या मिरवणुकीत आला. त्यासाठी कुणी अभ्यासक्रम काढला नव्हता.

यंत्र कुठलं घ्यावं याबद्दल मतं पुष्कळ आहेत. इथली परिस्थिती पाहता निकष वेगळे लावावे लागतात. पावसाळ्यात माळशेजच्या पायथ्याला वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही. कोर्गची २०१३ साली आलेली व्होल्का मालिका या बाबतीत सोयीची: सहा पेन्सिल सेलवर चालते, आतच छोटा स्पीकर आहे, सोळा घरं डोळ्यांसमोर आहेत आणि किंमत मध्यम प्रतीच्या मोबाइलच्या आसपास. बीट्स, बास आणि कीज अशी तीन वेगळी यंत्रं त्या मालिकेत पहिल्यांदा आली. हवी ती घरं वगळायची सोय असल्याने दादऱ्याची बारा घरं चुटकीसरशी होतात. उणी बाजू म्हणजे बटणं बारीक आहेत आणि धूळ-घामाला ती किती तोंड देतील ही शंकाच आहे. पॅडवाल्यासाठी एक जोड फार उपयोगी: ऑक्टोपॅडची मिडी तार व्होल्का बीट्सला लावली की काठीने अॅनालॉग आवाज वाजवता येतात. मिडी हे १९८३पासूनचं सगळ्या कंपन्यांनी मान्य केलेलं संकेतांचं बोलणं, पाच पिनांच्या तारेतून जाणारं. मात्र घरगुती वर्गातल्या बऱ्याच अरेंजर कीबोर्डना ही पाच पिनांची खोबण नसते, फक्त यूएसबी असते, आणि मग मध्ये संगणक किंवा वेगळी डबी लागते. खरेदीच्या आधी कीबोर्डची मागची बाजू पाहावी, एवढं साधं काम अनेकांकडून राहून जातं.

मोबाइल आहेच की, असं कुणी म्हणेल. कॉस्टिकसारखी अॅपं, संगणक असेल तर व्हीसीव्ही रॅक आणि सर्ज यांसारखे फुकट सिंथेसायझर; ऑसिलेटर-फिल्टर समजून घ्यायला ते पुरेसे आहेत आणि खिशाला झळ नाही. सराव तिथे करावा. पण स्वस्त अँड्रॉइड फोनवर बोट टेकणं आणि आवाज येणं यांत जाणवेल इतकं अंतर पडतं. मांडवात ऐन कडव्यात फोन वाजला तर काय होतं, याची कल्पना करायला फार बुद्धी लागत नाही.

याहूनही स्वस्त वाट आहे आणि ती इथल्या पोरांच्या हातात आधीपासून आहे. गणपतीच्या आराशीत एकामागून एक पळणारे दिवे असतात. त्यातल्या बऱ्याच सर्किटांत दोन चिप असतात: ५५५ टायमर ठोके देतो आणि ४०१७ काउंटर प्रत्येक ठोक्याला पुढच्या तारेवर वीज सोडतो. हा शब्दशः स्टेप सिक्वेन्सर आहे, दहा घरांचा. दिव्यांच्या जागी दहा व्हॉल्यूम पॉट लावले आणि त्यांची वीज ऑसिलेटरला दिली की प्रत्येक घरात वेगळा सूर लागतो. जगभरचे हौशी लोक याला ‘बेबी टेन’ म्हणतात. गंमत पुढे आहे. चिपची पंधरा नंबरची पिन रीसेटची. तिला सातव्या घराच्या, म्हणजे पाच नंबरच्या पिनेला जोडलं की चक्र सहा घरांवर परततं: दादरा. नवव्या घराच्या, म्हणजे नऊ नंबरच्या पिनेला जोडलं की आठ: केहरवा. रीसेट जमिनीला बांधून टाकली की पूर्ण दहा: झपताल. सोळा घरांच्या महागड्या यंत्रांवर ज्या तालाने त्रास दिला तो इथे फुकटात बसतो. लॅमिंग्टन रोडवर या सामानाला फार पैसे पडत नाहीत, आणि आयटीआयमधल्या विजेच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलाला ते जोडायला एक संध्याकाळ पुरते. दोन्ही तालुक्यांत भजनी मंडळं भरपूर आहेत, सोल्डरिंग येणारी मुलंही आहेत. ही दोन टोकं एकत्र बसवण्याचं काम कुणी मनावर घेतलं तर बरंच काही होईल. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी तेच पवनचक्कीचे नमुने मांडण्यापेक्षा हे निश्चित बरं.

शिकवणारे कुठे आहेत? गांधर्वच्या परीक्षा तबला-हार्मोनियम शिकवतात, ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या श्रेणी परीक्षांत इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आहे, पण तिथेही भर वाजवण्यावर आहे, आवाज घडवण्यावर नाही. मुंबईतल्या खासगी संस्था संगीतनिर्मितीचे अभ्यासक्रम चालवतात. त्यांचं शुल्क आणि आसनगावहून लोकलने रोजची ये-जा, दोन्ही गोष्टी मजुरीवर चालणाऱ्या घराच्या आवाक्याबाहेर. मुरबाडला तर रेल्वेच नाही, आधी एसटीने कल्याण गाठावं लागतं. यंत्रांबरोबर मिळणारी माहितीपुस्तिका इंग्रजी, जपानी, जर्मन, फ्रेंच भाषांत असते. यूट्यूबवर हिंदीत चांगलं साहित्य आहे, पण ते बहुतेक कीबोर्ड आणि पॅडच्या फाइलींभोवती फिरतं. फिल्टर समजावणारं मराठीत क्वचितच सापडतं. सम, खाली, घर, उठाव, घुमारा या रोजच्या शब्दांत कुणी वीस पानांची पुस्तिका लिहिली तर ती या दोन तालुक्यांतच नव्हे, कर्जत-जव्हारपर्यंत हातोहात जाईल.

सरावाची जागा आणि वेळ हाही प्रश्न आहे. दहानंतर ध्वनिवर्धक बंद हा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांतला दंडक आता हळदीच्या कार्यक्रमांनाही जाणवतो. दिवसा शेती किंवा मुरबाड एमआयडीसीतली पाळी, संध्याकाळी कार्यक्रम. उरते ती रात्र. हेडफोन लावून करता येणारा सराव ही हार्डवेअरची मोठी जमेची बाजू आहे. ढोल घरात वाजवता येत नाही.

सगळ्यात मोठा आक्षेप मात्र जुन्या ढोलकीवाल्यांचा आहे आणि तो खरा आहे. यंत्राच्या ठेक्याला वजन नसतं, असं ते म्हणतात. सोळा घरं सारख्या अंतरावर असतात. माणसाचा हात तसा पडत नाही. लग्गीत दुसरं अक्षर किंचित उशिरा येतं, कधी आघात आधीच येऊन बसतो. या दुखण्यावर इलाज अमेरिकन अभियंता रॉजर लिन यांनी १९८०च्या एलएम-१ या तालयंत्रात शोधला. सम घरं जराशी मागे सरकवायची सोय त्यात होती. तिला स्विंग म्हणतात आणि पुढे १९८८च्या एमपीसी-६०मध्ये ती गाजली. आज बहुतेक यंत्रांत स्विंगचं बटण असतं. पन्नास टक्के म्हणजे सरळ, सहासष्टच्या आसपास गेलं की ठेका तिस्रात झुकतो. आगरी-कोळी गाण्यांतला झोका या दोनच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि तो बटण फिरवत कानाने शोधावा लागतो. आघाताचा प्रश्न त्याहून सोपा आहे: प्रत्येक घराला अॅक्सेंट देता येतो, तो समेला आणि उठावाला द्यायचा, बाकी घरं दबकी ठेवायची. नवशिके सगळी घरं सारख्या जोराने भरतात आणि मग यंत्राला नावं ठेवतात.

तरी एक अडचण बटणाने सुटत नाही. म्हशाच्या यात्रेत किंवा हळदीला गाणारा ध्रुवपद किती वेळा घेईल हे तो समोरच्या नाचणाऱ्यांकडे बघून ठरवतो. वऱ्हाडी रंगात आले की एकच ओळ सहा वेळा होते. सिक्वेन्सर ते ऐकत नाही, तो आपलं चक्र पुरं करत राहतो. जाणते वादक यावर कामाची वाटणी करतात: ठेका पॅडवाल्याच्या हातात ठेवायचा, यंत्राकडे फक्त बासचा फिरता तुकडा द्यायचा आणि सुरुवात-थांबाचं बटण पॅडवाल्याच्या डाव्या हाताशी ठेवायचं. गाणाऱ्याने ओळ लांबवली की बास बंद, नुसता पॅड. ध्रुवपदाचा उठाव आला की समेवर बटण. बहुतेक सिक्वेन्सर दाबल्याक्षणी पहिल्या घरापासून सुरू होतात, त्यामुळे बोट समेवर पडलं की यंत्रही समेवरच येतं. बोट अर्ध्या मात्रेने चुकलं तर पुढचं सगळं कडवं बास आडवा चालतो, आणि मग गाणारा मागे वळून बघतो.